ओट्याची उंची कुणाच्या मापाने?

आमच्या घरात गेली दहा वर्षं एक वाक्य पाठ झालेलं होतं. ‘यंदा टोमॅटोला भाव मिळाला, की ओटा करून टाकू.’

नारायणगावच्या बाईला हे वाक्य समजावून सांगायला नको. आमच्याकडे टोमॅटोचा मोठा बाजार भरतो. हंगामात जुन्नर-आंबेगावच्या गावागावांतून क्रेट भरलेल्या गाड्या येतात आणि घरोघरचे बेत त्या क्रेटच्या भावावर ठरतात. मुलीचं लग्न, मुलाची मोटारसायकल, वरची खोली, सगळं ‘टोमॅटोवर’. तुमच्या गावात हेच वाक्य कांद्यावर, कापसावर, नाहीतर दिवाळीच्या बोनसवर असेल. पीक बदलतं, वाक्य तेच. आणि मैत्रिणींनो, त्या यादीत स्वयंपाकघराचा नंबर कितवा असतो, हेही बहुधा तेच.

एका वर्षी खरंच बरे पैसे झाले, तर ठिबक बदलायला आलं होतं. पुढच्या वर्षी विहिरीवरची मोटार जळाली. मग लेकीच्या कॉलेजची फी आली. जुलै २०२३ तर तुम्हालाही आठवत असेल. त्या महिन्यात आमच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला, टीव्हीवाले गावात आले, टोमॅटोने करोडपती झालेल्या शेतकऱ्यांच्या बातम्या झळकल्या. पण आमची लागवड उशिराची. आमचा माल बाजारात आला तोवर भाव कोसळलेले. तोडणीची मजुरी आणि गाडीभाडं निघालं, एवढंच समाधान. ओटा पुन्हा पुढच्या टोमॅटोवर गेला.

कसला होता हा ओटा? घर सासऱ्यांनी १९९२ साली बांधलं. ओटा कडाप्प्याचा, जमिनीपासून बरोबर ३० इंच. तीसच का, असं मी एकदा सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “मला काय ठाऊक? मिस्तरीने बांधला. त्याच्या घरी तेवढाच होता म्हणे.” म्हणजे रोज तिथं उभी राहणारी बाई घरातच होती, पण माप आलं मिस्त्रीच्या घरून! सासूबाईंची उंची चार फूट दहा इंच, त्यामुळे त्यांचं निभावलं. मी पाच फूट तीन इंच. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी त्या ओट्यापुढे वाकूनच उभी आहे.

बाकीचंही ऐका. खिडकी एकच, दीड फूट बाय दोन फूट, तीही गोठ्याकडे उघडणारी. दिवा खोलीच्या मधोमध, म्हणजे ओट्याकडे तोंड केलं की आपलीच सावली भाजीवर. कोपऱ्यात मोरी, तिच्यामागच्या भिंतीला कायम ओल. मिक्सरला पॉइंट नाही, म्हणून बाहेरच्या खोलीतून लांब वायर. चटणी वाटायची असली की टीव्ही बंद, आणि मग टीव्हीपुढे बसलेल्यांचा चेहरा बघण्यासारखा!

हे सगळं मला कधी ‘गैरसोय’ वाटलंच नव्हतं. स्वयंपाकघर असंच असतं, असं वाटायचं. डोळे उघडले ते डॉक्टरांकडे. कंबर इतकी धरली, की खाली पडलेला चमचा उचलता येईना. डॉक्टरांनी विचारलं, “काम काय करता?” मी सवयीनं म्हणाले, “काही नाही, घरीच असते.” पंधरा वर्षं बचत गटाचं काम करणारी, बायकांना ‘आपल्या कामाची किंमत ओळखा’ म्हणून सांगत फिरणारी मी! डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, “तुमचा ओटा किती उंच आहे?”

त्या रात्री मी हिशेबाची वही काढली. आमच्या घरी शेतीच्या हिशेबाची वही अगदी चोख असते. त्यात मल्चिंग पेपर आहे, तार-बांबू आहे, सुतळी आहे, औषधं आहेत, फवारणीचा पंप आहे. पंपाचा पट्टा खांद्याला काचतो म्हणून दोन वर्षांपूर्वी बॅटरीचा पंप घेतला, त्याचीही नोंद आहे. ते योग्यच झालं. खांदा माणसाचाच आहे. पण तोडणीच्या दिवशी बारा मजुरांचा चहा, घरच्या सात माणसांची जेवणं, रानात जाणारी न्याहारी हे सगळं ज्या जागेत तयार होतं, ती जागा त्या वहीत कुठेच नव्हती. शेतातलं अवजार सुधारलं तर तो ‘खर्च’ नसतो, ती ‘गुंतवणूक’ असते. ओटा मागितला की मात्र ती ‘हौस’ होते.

माझं म्हणणं एवढंच आहे. स्वयंपाकघर ही कामाची जागा आहे. तिथं काम करणाऱ्या माणसाच्या अंगाला सोसेल अशी ती असली पाहिजे. हौस त्यानंतर.

ही नुसती माझी तक्रार नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०२४ साली देशभर पाहणी केली, की माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, ते करणाऱ्या पुरुषांची ८८. २८९ मिनिटं म्हणजे पाच तासांना फक्त अकरा मिनिटं कमी. यातला मोठा भाग कुठे जातो, हे तुम्हाला-मला सांगायला नको. ज्या जागी रोज इतका वेळ उभं राहायचं, तिथली फरशी कुठल्या रंगाची हवी एवढंच आपल्याला विचारतात. उंची, वारा, उजेड, पाणी कोण विचारतं?

घरकुल योजनेचं उदाहरण घ्या. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २७० चौरस फुटांचं असावं असा नियम आहे, आणि त्यातच स्वयंपाकाची स्वच्छ, वेगळी जागा धरलेली आहे. एवढ्याशा घरातही स्वयंपाकाच्या जागेची नोंद सरकारला करावी लागली. मग आपल्या वहीत ती का नसावी?

मी ठरवलं, आता टोमॅटोची वाट बघायची नाही. माझ्या शिलाईचे साठवलेले २५ हजार होते. उरलेले ३० हजार बचत गटातून कर्ज काढायचे. गटाच्या बैठकीत अर्ज दिला. आमच्या रजिस्टरला ‘कर्जाचे कारण’ असा रकाना आहे. त्यात मी लिहिलं, ‘ओटा’.

सचिव बाई वाचता वाचता थांबल्या. “ताई, हे काय कारण झालं? शेळी, पिठाची गिरणी, दवाखाना, फी असं काहीतरी पाहिजे ना.” दोघीचौघी हसल्या. एक वयानं मोठ्या मावशी तर स्पष्टच म्हणाल्या, “अगं, आम्ही धुरात जन्म काढला. तुला उभ्यानं करायला मिळतंय, तर ते बी उंच पाहिजे होय?”

मला राग आला नाही. मावशी खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या पिढीनं खरोखरच धुरात जन्म काढला. आमच्या सासूबाईंचा खोकला पावसाळा आला की आजही उठतो. घरातल्या चुलीच्या आणि तत्सम धुरापायी २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. मी मावशींना म्हटलं, “तुम्ही सोसलं म्हणून आम्हीही सोसायचं, तर मग २०१६ साली उज्ज्वला योजनेचा गॅस आला तेव्हा आपण सगळ्यांनी मिळून गावात फॉर्म का भरून घेतले? तुम्हीच तर सगळ्यांत पुढे होतात.” मावशी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “लिही बाई, ओटा तर ओटा.” कर्ज मंजूर झालं.

घरी वेगळीच परीक्षा होती. हे म्हणाले, “करायचंच तर नीट कर, ट्रॉल्या वगैरे. पाव्हणे येतात.” म्हणून आम्ही एका दुकानात दर विचारला. एक लाख पंच्याऐंशी हजार! त्यात ट्रॉल्या होत्या, चकचकीत दारं होती, वरून खाली सोडलेला दिवा होता. खिडकी मोठी करायचं नव्हतं, ओल काढायचं नव्हतं, आणि ओट्याची उंची तीच. म्हणजे पाहुण्यांना दिसेल ते सगळं, आणि मला टोचतं त्यातलं एकही नाही. मी यांना म्हटलं, “अहो, पाहुणे स्वयंपाकघरात पाच मिनिटं डोकावतात. मी पाच तास असते.” हे थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मग तुझं तू ठरव.” मी ते वाक्य परवानगी म्हणून नाही, कबुली म्हणून घेतलं.

ओट्यापुढे उभं राहून माप घ्यायचं ही युक्ती काही मी शोधलेली नाही. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात कामगारांसाठी घरं बांधायची होती. जागा लहान, पैसा कमी. स्वयंपाकघराचा आराखडा मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या तरुण बाईनं केला. ऑस्ट्रियातल्या पहिल्यावहिल्या स्त्री-वास्तुकारांपैकी त्या एक. त्यांनी बाई कुठून कुठे किती पावलं चालते, कशाला किती वेळ लागतो, याचा हिशेब मांडला आणि जेमतेम सहा फूट बाय अकरा फुटांच्या जागेत सगळं हाताशी आणलं. खिडकीखाली कामाची जागा, बसायला स्टूल, धान्या-पिठासाठी ओतता येतील असे डबे. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथं बसवली गेली. आज जगभर जी ‘आधुनिक’ स्वयंपाकघरं दिसतात, त्यांची पणजी ती. मूळ विचार चकचकीत दारांचा नव्हताच, बाईचे कष्ट आणि वेळ वाचवण्याचा होता. दुकानात येईपर्यंत दारं तेवढी उरली.

तर आमच्या ५५ हजारांत काय झालं, ते आता सविस्तर सांगते. कुणाला उपयोग होईल.

पहिलं काम उंचीचं. अनवाणी सरळ उभं राहायचं, हात कोपरात काटकोनात वाकवायचा आणि कुणालातरी जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरायला सांगायचं. त्यातून साधारण चार इंच वजा केले, की ओट्याची उंची मिळते. माझं कोपर ३९ इंचांवर, म्हणजे ओटा ३५. पण वर शेगडी आणि तिच्यावर पातेलं, म्हणून एक इंच कमी करून ३४ ठरवला. मिस्त्री म्हणाले, “वहिनी, सगळ्यांचे ओटे मी एकाच मापाने बांधतो बघा.” मी म्हटलं, “दादा, सगळ्या बायका एका मापाच्या नसतात.” त्यांनी जुना कडाप्पा अलगद काढला, खालच्या उभ्या भिंतींवर विटांचा थर वाढवला आणि वर ग्रॅनाइट बसवला. ओटा पूर्ण फोडावा लागला नाही, तिथं पैसे वाचले.

काढलेला कडाप्पा टाकला नाही. त्याच्या ओट्याखाली फळ्या केल्या. कडाप्प्याला वाळवी लागत नाही आणि पाण्यानं तो फुगत नाही. प्लायच्या ट्रॉल्या आमच्याकडच्या ओलीत किती वर्षं टिकल्या असत्या, देव जाणे. पुढे दारांऐवजी जुन्या सुती साड्यांचे पडदे शिवले. धुता येतात. गॅसचं सिलेंडर मात्र कधी पूर्ण बंद कप्प्यात ठेवू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली साचतो. म्हणून दार असलंच, तर त्याला खालच्या बाजूला भोकं हवीत.

दुसरं काम हवा आणि उजेडाचं. खिडकी साडेतीन फूट रुंद केली. ग्रिल जुन्या बाजारातून आणली आणि रंगवली. वर एक्झॉस्ट पंखा बसवला. गॅस आला म्हणून धूर गेला असं आपल्याला वाटतं, पण मिरचीची फोडणी आणि तळणाचा वास-वाफ जायलाही वाट लागते. ट्यूब खोलीच्या मध्ये न लावता ओट्याच्या वर, समोरच्या भिंतीला लावली. आता माझी सावली माझ्या मागे पडते. तांदळातला खडा चष्म्याशिवाय दिसला, तेव्हा मला कळलं, की इतकी वर्षं दोष डोळ्यांचा नव्हता.

तिसरं पाणी. मोरीच्या भिंतीतला पाइप फोडून बघितला, तर तो आतून गळत होता. ओल तिथूनच येत होती. हा खर्च धरलेलाच नव्हता. म्हणून सांगते, जेवढे पैसे असतील त्यातला दहावा हिस्सा आधीच बाजूला ठेवा. जुन्या भिंतीच्या पोटात काय आहे, हे फोडल्याशिवाय कळत नाही. ओल असलेल्या भिंतीवर नवी टाइल बसवली, की ओल झाकली जाते, जात नाही.

चौथं वीज. मिक्सरला एक पॉइंट, आणखी दोन जादा, सगळे अर्थिंगसह आणि सिंकपासून लांब.

आता रुपयांचा हिशेब. मिस्त्री-बिगारी नऊ दिवसांची मजुरी १३,५००. विटा, वाळू, सिमेंट ४,८००. ग्रॅनाइट, कटिंगसह ४,९००. ओट्यामागच्या साध्या टाइल्स १,३५०. सिंक, नळ, पाइप आणि प्लंबर ६,८००. वायरिंग, ट्यूब आणि इलेक्ट्रिशियन ५,२००. पंखा १,९००. खिडकी ५,०००. रंग ३,२००. मांडणी आणि किरकोळ सामान २,०००. एकूण ४८,६५०. वर गळक्या पाइपाचे ४,१००. झाले ५२,७५०. तुमच्या गावात दर थोडे इकडे-तिकडे असतील, पण प्रमाण बघा. सर्वांत जास्त पैसे हातांना गेले, वस्तूंना नाही. आणि दिसायला सगळ्यांत छान अशा टाइल्सना सगळ्यांत कमी. जमिनीची जुनी शहाबादी तशीच ठेवली, फक्त घासून घेतली. तिच्यावरून पाय घसरत नाही.

एक तिढा राहिला होता, तो सासूबाईंचा. नवा ओटा त्यांना उंच पडला. पहिल्याच दिवशी त्यांनी बाजरीची भाकरी थापायला घेतली आणि हात खांद्यापाशी आला. “तुझं झालं, माझं काय?” त्या म्हणाल्या. मी चरकले. मिस्त्रीच्या मापाऐवजी मी माझं माप घरावर लादलं होतं, दुसरं काय? तसंही भाकरी थापायला, कणीक तिंबायला वजन वरून पडावं लागतं, म्हणजे ती जागा ओट्यापेक्षा खालीच हवी, हे मलाही कळायला हवं होतं. उरलेल्या कडाप्प्याच्या तुकड्याचा खिडकीशेजारी अडीच फुटांचा, २९ इंच उंचीचा छोटा ओटा केला. मिस्त्री अजून कामावरच होते, त्यामुळे वेगळी मजुरी लागली नाही. काठवट तिथं बसली. आता भाकरी मीही तिथंच थापते. दुपारी सासूबाई खुर्ची ओढून तिथंच भाजी निवडतात, बाहेरचं येणारं-जाणारं बघतात. परसातली चूल अजून आहे, पाणी तापवायला. तिला उघड्यावर, वाऱ्याच्या वाटेवर नेऊन ठेवली. चुलीवरच्या भाकरीच्या चवीवरून आम्ही अजूनही वाद घालतो, तो चालू राहील.

चूक माझीही एक झाली, ती सांगून टाकते. भांडी घासताना हात सिंकच्या तळाशी असतात, ओट्याच्या पृष्ठभागावर नाही. त्यामुळे सिंक दोन-तीन इंच वर घ्यायला हवं होतं, नाहीतर उथळ तरी. मी खोल सिंक घेतलं, कारण त्यात कढई मावते. आता कढई मावते आणि मी थोडी वाकते. तुम्ही ही चूक करू नका.

काही मैत्रिणी म्हणतील, ५५ हजार तरी कुठून आणायचे? बरोबर आहे. काही जणी भाड्याच्या घरात राहतात, तिथं खिळा ठोकायलाही मालकाला विचारावं लागतं. पण आधी माप घ्यायला पैसे लागत नाहीत. ओटा बुटका असेल, तर चिरायचं-निवडायचं काम योग्य उंचीच्या टेबलावर न्या, ते टेबल घर बदलताना बरोबर नेता येतं. रोजचे डबे गुडघा आणि खांदा यांच्या मधल्या फळ्यांवर आणा. वर्षातून एकदा लागणारी मोठी पातेली माळ्यावर जाऊ द्या, रोजचं पीठ तिथं नको. दिवा समोरच्या भिंतीवर घ्या. भिंतीला पांढरा रंग द्या, उजेड वाढतो. गॅसच्या नळीवरची तारीख बघा. पाच वर्षं झाली असतील तर बदला. आणि ज्यांच्याकडे थोडे पैसे आहेत, त्यांनी क्रम लक्षात ठेवा: ओल, हवा, उजेड, उंची, पाणी, वीज, मग फळ्या. रंगीत टाइल सर्वांत शेवटी. उलट्या क्रमाने सुरुवात केली, की टाइलपाशीच पैसे संपतात.

सगळ्यांत अवघड गोष्ट मात्र पैशाची नाही. ती आहे कारण सांगण्याची. आपल्याला स्वतःसाठी काही मागायचं झालं, की कारण दुसऱ्याचं शोधायची सवय आहे. ‘पाहुणे येतात’, ‘मुलाचं लग्न काढायचंय’, ‘लोक काय म्हणतील’. ‘माझी कंबर दुखते’ हे कारण आपल्याच तोंडून निघत नाही. मी ते गटाच्या रजिस्टरात लिहिलं, तेव्हा माझाही हात अडखळला होता. पण आपणच ते लिहिलं नाही, तर घरातल्या वहीत ते कोण लिहिणार? बॅटरीचा पंप घेताना यांनी कुणापुढे लाजत कारण सांगितलं नव्हतं. खांदा दुखतो म्हणाले आणि पंप आला.

उरलेल्या सव्वादोन हजारांत मी एक उंच स्टूल घेतलं. मटार सोलताना त्यावर बसते. पहिल्यांदा बसले तेव्हा उगाच दाराकडे बघितलं, कुणी बघत नाही ना! ओट्यापाशी बसलेली बाई म्हणजे आळशी, हे आपल्या मनात इतकं खोल गेलेलं आहे. आता नाही बघत.

गटाचं कर्ज अजून फिटायचं आहे, सहा हप्ते राहिलेत. कंबर पूर्ण बरी झालेली नाही, इतक्या वर्षांचं वाकणं दोन वर्षांत कसं जाईल? पण संध्याकाळी पाठ टेकल्याशिवाय उठता येत नसे, ते थांबलं. आणि गटाच्या रजिस्टरात ‘कर्जाचे कारण’ या रकान्यात ‘ओटा’ हा शब्द आता चार वेळा आहे. चौथं नाव त्याच मावशींचं. त्यांनी ते सुनेसाठी घेतलंय. आम्ही टेप घेऊन गेलो, तेव्हा मावशींनी सुनेला ओट्यापुढे उभं केलं आणि म्हणाल्या, “नीट उभी राहा गं, वाकू नको. माप चुकंल.”

आज संध्याकाळी तुम्हीही कुणालातरी टेप धरायला सांगा.